फुंकत असताना मोजा

सगळ्या थांबल्या आणि मी एकटीच फुंकत राहिले. माझ्या आजाराची गोष्ट इथून सुरू होते. आजार त्याआधीपासून होताच, मला तो कळला त्या संध्याकाळी.

हे मी कुणाला धीर द्यावा म्हणून लिहीत नाही. मला धीर द्यायला घरी आलेली माणसं मी पाहिली आहेत. ती चहा पितात, "देवाची मर्जी" म्हणतात आणि जाताना जिन्यात आपापसात कुजबुजतात. मला कानांनी उत्तम ऐकू येतं, हे त्यांच्या लक्षात येत नाही. मी लिहिते आहे ते एवढ्यासाठी की डोळ्यातलं प्रेशर मोजण्याच्या नादात मी जे शिकले, ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी शंखनाद पथकात दाखल झाले. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशांच्या पुढे काही पथकं शंख वाजवत चालतात. आमचं पथक बायकांचं. नऊवारी, नथ आणि हातात शंख. त्यासाठी दोन-अडीच महिने आधीपासून रोज संध्याकाळी नदीपात्रात सराव असतो. लोकांना वाटतं, शंख काय, तोंडाला लावला की वाजला. त्यांनी एकदा लावून पाहावा. सुरुवातीचे काही दिवस माझ्या शंखातून फक्त थुंकी बाहेर यायची.

पथकाची प्रमुख अपर्णा. वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान आणि जिभेनं बरीच तिखट. ती समोर एका उंच स्टुलावर उभी राहते. तिचा हात वर गेला की सगळ्यांनी फुंकायचं, मूठ मिटली की सगळ्यांनी एकदम थांबायचं. ती बिचारी स्वतः कधी वाजवत नसे, कारण इशारा करायला दुसरं कुणी नव्हतं. "मी शंख वाजवायला आले होते हो," ती म्हणायची, "आणि इथे ट्रॅफिक हवालदार होऊन बसलेय."

त्या संध्याकाळी तिची मूठ मिटली, पन्नास शंख थांबले आणि माझा चालूच राहिला.

"वासंतीताई, सोलो नंतर," अपर्णा म्हणाली. सगळ्या हसल्या, मीही हसले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी ती स्टुलावरून उतरून माझ्यासमोर आली. "तुम्हाला माझा हात दिसत नाही, की बघायचा नाहीये?"

"हात वर केला असतास तर दिसला असता," मी म्हटलं.

"वरच होता," ती म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. घरी जाईपर्यंत तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही.

मशीन बंद पडलंय

आधी मी चष्म्याच्या दुकानात गेले. तिथे एक यंत्र असतं. त्यात डोळा लावला की फुस्सकन हवा येते आणि आपण दचकून मागे होतो. त्या हवेवरून डोळ्यातलं प्रेशर कळतं म्हणे. दुकानदार म्हणाला, प्रेशर नॉर्मल आहे, नंबर थोडा वाढलाय. मी नवा चष्मा केला. नव्या चष्म्यातून अपर्णाचा चेहरा स्वच्छ दिसायला लागला. हात तेव्हाही दिसला नाही.

मग श्रीकांतनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, डोळ्यांच्या रुग्णालयात नंबर लावला. श्रीकांत पिंपरीच्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासायच्या खात्यात होते. नोकरी संपली तरी सवय गेलेली नाही. घरात नवीन काहीही आलं की ते आधी मोजून बघतात.

तिथे एक तपासणी झाली. पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारख्या पडद्यात डोकं घालायचं, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या वेळी मी दाबत होते, दाबत होते आणि मग दिवे यायचेच थांबले. मी वाट पाहिली. मग म्हटलं, "सिस्टर, मशीन बंद पडलंय बहुतेक."

"चालू आहे मावशी," मागून आवाज आला. "समोर बघा आणि दिसलं की दाबा."

मशीन चालू होतं. दिवे येत होते. हे कळायला मला दोन क्षण लागले.

डॉक्टर सायली आमच्या मुक्ताच्या वयाची. मुक्ता म्हणजे आमची मुलगी. डॉक्टरनं कागद पुढे सरकवला. डाव्या डोळ्याच्या चित्रात वरचा कोपरा काळा होता. उजव्या डोळ्याच्या चित्रात तिथेच थोडी राखाडी छटा होती.

"काकू, हा काचबिंदू आहे," ती म्हणाली. "डोळ्यातल्या प्रेशरमुळे मागची नस हळूहळू सुकते. जेवढं गेलंय तेवढं परत येत नाही. जे आहे ते आपण सांभाळायचं."

"पण प्रेशर नॉर्मल आहे म्हणाले होते."

"इथे पण नॉर्मलच आलं. सतरा." तिनं मान हलवली. "पण तुमच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ आहे. पातळ पडद्यावर आमचं यंत्र कमी आकडा दाखवतं. खरा थोडा जास्त असणार."

"आणि पडदा जाड असेल तर?"

"तर जास्त दाखवतं."

मी श्रीकांतांकडे बघितलं. मंडईत एखाद्यानं असा काटा ठेवला असता, तर त्याला संध्याकाळपर्यंत गाळा चालवता आला नसता. इथे मात्र सगळे त्याच काट्यासमोर हनुवटी टेकवून रांगेत बसले होते. मी हे बोलूनही दाखवलं. डॉक्टर सायली रागावली नाही. ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. म्हणून आम्ही एकट्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही." मला तिचा राग धरायचा होता आणि तिनं तेवढीही सोय ठेवली नाही.

दहा मिनिटांचं काम

ज्यांना सांगितलं त्यातल्या निम्म्यांना काचबिंदू आणि मोतीबिंदू एकच वाटत होते. "अगं, दहा मिनिटांचं काम. माझ्या सासऱ्यांचं झालं, दुसऱ्या दिवशी पेपर वाचत होते." मी पहिल्यांदा समजावून सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, मग सोडून दिलं. "हो, करू दहा मिनिटांत," म्हणायला लागले. वेळ वाचतो.

पण तुम्हाला नुकतंच कुणी हे सांगितलं असेल तर माझं एवढं ऐका. मी घाबरले होते. खूप घाबरले होते. स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. भाजी फोडणीला टाकली की मी उजवा डोळा हातानं झाकायची आणि कॅलेंडरच्या मधल्या तारखेकडे बघायची. वरच्या ओळीतल्या पहिल्या तारखा नसायच्या. तिथे काळं काही दिसत नसे, हे लोकांना सांगून पटत नाही. तिथे भिंतीचाच रंग दिसायचा. डोळा गेलेल्या जागी स्वतःच रंग भरून ठेवतो आणि आपल्याला कळूही देत नाही. मला सगळ्यात जास्त भीती या फसवणुकीची वाटायची. रोज बघायची, रोज तितकंच असायचं, आणि फोडणी जळायची.

मुक्ता बाणेरहून आली ती ठरवूनच आली होती. "आई, स्कूटर बंद. पथक बंद. गर्दीत कुठे जायचं नाही. प्लीज, मला ऑफिसात टेन्शन नको."

स्कूटरची चावी मी तिच्या हातात दिली. समोरून आलेलं माणूस मला दिसलं नाही तर तो माझा एकटीचा प्रश्न उरत नाही, एवढं मला कळतं. पथक मात्र दिलं नाही.

"तुला हट्ट करायला दुसरं काही मिळत नाही का?"

"तेवढं एकच उरलंय. स्कूटर तू नेलीस."

ती रडली. श्रीकांत तिच्या बाजूनं बोलले. मग मी दोघांशी दोन दिवस बोलले नाही आणि रात्री डोळ्यात औषध घालायची वेळ झाली की मुकाट्यानं त्यांच्यासमोर आडवी व्हायची. स्वतःचं स्वतःला घालायला गेलं की थेंब गालावर पडतो. त्यांच्या हातूनही पडायचा. तिसऱ्या दिवशी मीच मौन सोडलं, कारण थेंब कानात गेला होता. "अहो, डोळ्यात. कानाला काचबिंदू होत नाही."

त्या थेंबांनी डोळे चुरचुरायचे, लाल व्हायचे. पण त्यांनी पापण्या लांब होतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. साठी उलटलेल्या बाईच्या पापण्या नटीसारख्या झाल्या. सरावाला अपर्णानं जवळ येऊन विचारलं, "ताई, मस्कारा कुठला वापरता?" आजारपणात फुकट मिळालेलं एवढंच. मी ते पुरेपूर मिरवलं.

अपर्णाला मी सगळं सांगितलं होतं. तिनं मला रांगेच्या टोकावरून उचलून मधोमध, स्वतःच्या अगदी समोर उभं केलं. आता तिचा हात मला दिसायचा.

रोज युद्ध

पथकाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेव्हा एक संदेश फिरत आला. शंख फुंकल्यानं डोळ्यांच्या शिरा मोकळ्या होतात, तेज वाढतं, चष्मा सुटतो. खाली दोन हात जोडलेले आणि तीन सूर्य. बँकेत असताना मी कर्ज मागायला आलेल्या माणसाचा एक शब्द पुराव्याशिवाय मानला नाही. हा संदेश मानला. तो मला हवा होता म्हणून मानला.

आधी मी फक्त सरावाला वाजवायची. आता रोज पहाटे उठून, देवासमोर उभी राहून, दम टिकेल तेवढा वेळ वाजवायला लागले. एकदा, पुन्हा, पुन्हा. चेहरा लाल व्हायचा, कानशिलं ठणकायची, आणि मला वाटायचं की शिरा मोकळ्या होताहेत. खालच्या मजल्यावरचे काका एकदा जिन्यात भेटले. "वहिनी," ते म्हणाले, "रोज युद्ध सुरू होतं, ते संपतं कधी?"

"जिंकलं की," मी म्हटलं.

आणि जिंकतेय असंच वाटत होतं. रुग्णालयात गेले की निळ्या दिव्याच्या यंत्रावर हनुवटी टेकवायची, डोळा बधिर करायचा थेंब, पिवळा रंग, आणि आकडा यायचा पंधरा, कधी चौदा. डॉक्टर सायली म्हणायची, छान. घरी येताना मी श्रीकांतांना म्हणायची, बघा.

पुढच्या वर्षीचा सराव सुरू झाला त्या सुमारास पुन्हा वाडग्यात डोकं घालायची तपासणी झाली. डाव्या डोळ्यातला काळा कोपरा खाली उतरला होता. उजव्या डोळ्यातली राखाडी छटा गडद झाली होती.

डॉक्टर सायलीनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "प्रेशर उत्तम आहे," ती म्हणाली. "औषध तुम्ही वेळेवर घेताय. आणि तरी पुढे सरकतंय."

उजवा डोळा पण. हे मी मनात म्हटलं. तोपर्यंत मला वाटत होतं, डावा गेला तर जाईल, उजवा आहे ना. अपर्णाचा हात मी आता उजव्याच्याच जोरावर बघत होते. तो गेला तर पथक जाईल, वाचन जाईल, एकटीनं मंडईत जाणं जाईल, आणि मुक्ता म्हणते तशी मी घरात एका खुर्चीत बसेन.

तेव्हा श्रीकांत बोलले. दवाखान्यात ते सहसा बोलत नाहीत. "डॉक्टर, ही मापं सगळी दुपारची आहेत. आणि सगळी बसलेल्या माणसाची. आमच्याकडे माल थांबलेला असताना तपासला आणि तो चालताना तुटला, तर आम्ही म्हणायचो की तपासणी चुकली."

तिनं कागदांवरच्या वेळा पाहिल्या. मग म्हणाली, "काका, हे मी आधीच करायला हवं होतं."

आकडा न दाखवणारं यंत्र

तिनं आम्हाला चार दिवसांसाठी एक यंत्र घरी दिलं. हातात मावेल एवढं. त्याची एक बाजू कपाळाला टेकवायची, एक गालाला. मधून एक बारीक काडी बाहेर येते, टोकाला मोहरीहून लहान गोळा. ती डोळ्याला टिचकी मारून मागे जाते. बधिर करायचा थेंब नको, काही नको. ऐकून भीती वाटते, पण दुखत नाही. पापणी मिटायच्या आत सगळं झालेलं असतं. काडी किती वेगानं मागे येते त्यावरून यंत्राला प्रेशर कळतं.

कळतं, पण सांगत नाही. मोजून झालं की ते फक्त टुणकन वाजायचं. आकडा आत साठवून ठेवायचं आणि तो डॉक्टरच्या कॉम्प्युटरवरच उघडायचा.

"माझा डोळा, माझं प्रेशर, आणि आकडा मलाच नाही?" मी डॉक्टर सायलीला फोनवर विचारलं.

"काकू, आकडा दिसला की लोक घाबरतात आणि दिवसभर मोजत बसतात. आकडा दाखवणारी यंत्रंही असतात, पण घरी द्यायला आमच्याकडे हेच आहे."

"मी घाबरणारी वाटते का तुम्हाला?"

"नाही. तुम्ही दिवसभर मोजत बसणाऱ्या वाटता."

मी फोन ठेवला. तिला पुणेरी बोलणं जमायला लागलं होतं.

उठल्या उठल्या मोजायचं, दुपारी, संध्याकाळी, झोपताना. सकाळचं विसरू नये म्हणून मी यंत्र देवासमोर शंखाच्या शेजारीच ठेवलं. शंख वाजवायचा, खाली ठेवायचा, लगेच यंत्र उचलायचं. पुन्हा शंख. पुन्हा यंत्र. जितकी जास्त मापं तितकी तिला बरी, असा माझा हिशेब.

चार दिवसांनी डॉक्टर सायलीनं ते कॉम्प्युटरला जोडलं आणि पडद्यावर आलेख आला. दुपारचे आकडे नेहमीसारखे शहाण्या मुलांसारखे एका रांगेत. पहाटेच्या बाजूला मात्र रेघ उंच गेली होती आणि त्यात मध्येच एकेक सुळका उभा होता.

"पहाटे तुमचं प्रेशर एकूणच थोडं जास्त असतं, ते आपण धरून चालू," ती म्हणाली. "पण हे सुळके काय आहेत? त्या वेळी तुम्ही काय करता? शीर्षासन वगैरे?"

"छे. शंख वाजवते."

"शंख?"

"डोळ्यांसाठीच. शिरा मोकळ्या होतात."

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी त्या आलेखाकडे बघत होते आणि मला समजत होतं, पण मानायचं नव्हतं. मी म्हटलं, "तुमचं यंत्र घरी मी धरलं होतं. माझा हात हलला असेल."

"शक्य आहे."

"मग तुम्ही धरा. आत्ता. मी फुंकते, तुम्ही मोजा."

पिशवीत शंख होता, संध्याकाळी सराव होता म्हणून. श्रीकांतनी भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टर सायलीनं एकदा दरवाजाकडे बघितलं, मग खुर्ची ओढून माझ्या बाजूला आली आणि यंत्र माझ्या डाव्या डोळ्यासमोर धरलं. आधी शांत बसून मोजलं. हे दवाखान्यातलं दुसरं यंत्र होतं, तसंच काडीचं, पण आकडा दाखवणारं. सोळा.

"फुंका," ती म्हणाली.

मी फुंकलं. अर्धवट काहीतरी मी करत नाही. त्या छोट्या खोलीत आवाज मावला नाही. बाहेरच्या बाकांवरची बडबड एकदम बंद झाली. एका आजोबांनी उभं राहून हात जोडले असं श्रीकांतनी नंतर सांगितलं. एक बाई विचारत होत्या, आरती आहे का. रखवालदार धावत आला आणि दार उघडून तसाच उभा राहिला. काडी टिचक्या मारत होती. टुण. टुण.

तिनं यंत्र खाली घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. चौतीस.

"पुन्हा," मी म्हटलं. "उजवा."

उजवा तेहतीस. थांबून थोडा वेळ बसले की परत सतरा, सोळा. पुन्हा फुंकलं की परत तिशीच्या वर. तिनं तीन वेळा करून दाखवलं, कारण मी तीन वेळा मागितलं. मी तिला खोटं पाडायला शंख काढला होता. आता तो माझ्या मांडीवर होता आणि मला तो खिडकीतून बाहेर फेकावासा वाटत होता.

"शंखामुळेच झालं असं मी म्हणणार नाही," डॉक्टर सायली हळू आवाजात म्हणाली. "ते मला माहीत नाही. कदाचित पहाटेच्या प्रेशरनं झालं असेल, कदाचित दोन्हींनी. आपण औषध वाढवू, पहाटेचं खाली आणू. पण काकू, तुमची नस आधीच दमलेली आहे. रोज पहाटे तिच्यावर हा भार नको."

"आणि मिरवणुकीत?"

"तिथे तर तासन् तास."

रिक्षात मी रडले. श्रीकांतनी शंखाची पिशवी आपल्या मांडीवर घेतली. मला त्या संदेशाचा राग आला होता, तीन सूर्यांचा राग आला होता, दुपारच्या सगळ्या शहाण्या आकड्यांचा राग आला होता. घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते हे, की ग्रुपवर तो संदेश पुन्हा शोधला आणि त्याखाली लिहिलं: "हे खोटं आहे. मी मोजून पाहिलं. सोळाचे चौतीस होतात. घरात कुणाला काचबिंदू असेल तर फुंकण्याआधी डॉक्टरांना विचारा." दोघींनी ग्रुप सोडला. बाकीच्या राहिल्या.

आणि मुक्ताला फोन केला. "काचबिंदू घराण्यात चालतो. तुझे डोळे दाखव. प्रेशर, पडद्याची जाडी, सगळं."

"आई, या महिन्यात आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, वेळ नाहीये—"

"मी स्कूटरची चावी दिली ना? तू एक सुट्टी दे."

तिनं दिली. तिचं सगळं ठीक निघालं. दर वर्षी दाखवायचं असं कबूल करून घेतलं आहे.

हात वर धरून

अपर्णाला सांगायला मी नदीपात्रात गेले तेव्हा त्या संध्याकाळचा सराव सुरू व्हायचा होता. पथक सोडतेय, एवढंच सांगून परत यायचं असं ठरवलं होतं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग स्टुलावर हात ठेवून म्हणाली, "फुंकायचं नाही ना? मग यावर चढा."

"मला दया नकोय कुणाची."

"दया कोण करतंय? इतकी वर्षं हात हलवून माझा खांदा गेलाय. तुम्हाला ताल कळतो, दम कुठे संपतो ते कळतं, आणि तुम्ही ओरडलात तर बायका ऐकतात. मला एकदा तरी माझ्या गणपतीपुढे शंख वाजवू द्या."

मी लगेच हो म्हटलं नाही. मला आता मापाशिवाय काही करायचं नव्हतं. पुढच्या भेटीत डॉक्टर सायलीला म्हटलं, "हात वर धरून मोजा. बराच वेळ. आणि मग दम रोखून मोजा." तिनं डोळे मिटून एक सुस्कारा सोडला आणि यंत्र उचललं. हात वर असताना आकडा जागचा हलला नाही. दम रोखला की मात्र वर गेला.

"हात चालेल," ती म्हणाली. "दम रोखायचा नाही."

हे वाटतं तितकं सोपं नाही. पन्नास बायकांनी छाती भरून घेतली की माझीही आपोआप भरते आणि त्या फुंकत असतात तोपर्यंत आतच राहते. म्हणून मिरवणुकीत श्रीकांत माझ्या बाजूनं चालत होते. सदरा-लेंगा, डोक्यावर टोपी, आणि दर थोड्या वेळानं त्या सगळ्या गदारोळात ओरडायचे, "वासंती, श्वास सोड!" बघणाऱ्यांना वाटलं असेल, हाही काही पथकाचा भाग आहे.

माझा शंख मी अपर्णाला दिला नाही. तिनं स्वतःचा आणला. वाजवायचा शंख टोकाला कापलेला असतो, तो पूजेलाही चालत नाही. त्यामुळे माझा नुसताच कपाटात आहे. कधी कधी मी तो हातात घेते आणि मला वाईट वाटतं. वाटू दे. पहाटेचं प्रेशर आता खाली आलं आहे, गेल्या तपासणीत दोन्ही काळे कोपरे जिथे होते तिथेच थांबले होते, आणि पुढच्या तपासणीला काय होईल ते मला माहीत नाही, डॉक्टर सायलीलाही नाही. दर काही महिन्यांनी ते यंत्र घरी आणते. पहाटे मोजते. कुणी खुर्चीत बसवून एक आकडा सांगितला आणि सगळं ठीक आहे म्हटलं, की विचारते, कधीचा आकडा, कशावर मोजला, काय करत असताना. तुम्हीही विचारा. काही डॉक्टर चिडतील. चिडू दे.

यंदा कसब्यातून निघालो तेव्हा पुढे गर्दी इतकी होती की स्टूल ठेवायलाही जागा नव्हती. दोघींनी हातांनी लोक मागे सारले. मी वर चढले. पहिल्या रांगेत अपर्णा होती, शंख तोंडाजवळ, लहान मुलीसारखी अधीर. मी हात वर केला, श्वास सोडला, आणि माझ्या पायाखालचा रस्ता त्या आवाजानं थरथरला.

रांगेच्या डाव्या टोकाला कोण उभ्या होत्या, ते मला मान वळवल्याशिवाय दिसत नाही. मी मान वळवली नाही. मूठ मिटली, आणि त्याही थांबल्या.